स्टार बोट

बोर्डाचे पैसे मी अक्षरावर घेतो.
कन्नड वर, मोठं; मराठी खाली;
उरल्या जागेत फोन नंबर.
अख्ख्या शहापुरात हा हिशेब ठाऊक आहे,
यल्लूबाईलाही होता.
तरी तिनं गाडा दुकानासमोर आडवा लावला
आणि म्हणाली, तीन शब्द. तिसरा नीट ऐक.

पहिला अंबली. कन्नड ब्रशला सोपी,
कुठं कोपराच नाही, वळत राहायचं.
दुसरा आंबील. एक रेघ मारली
आणि ओल्या कपड्यांसारखी अक्षरं टांगली.
तिसरा?
"स्टारबोट."

हे कुणाचं आणि?
तिनं समोरून दोन चहा मागवले,
तेव्हा कळलं, आज दुसरं काम होत नाही.

कॅम्पातल्या कॉन्व्हेंटात एकोणतीस वर्षं
ती चुलीशी होती. तिथं एक सिस्टर ईटा,
डोनेगलची.
डोनेगल कुठं आलं?
"कणकुंबीगत असणार बग. पाऊस थांबतच न्हाई म्हणायची."

सिस्टरचे ओट्स डब्यातून यायचे, लांबून.
एका साली डबा आलाच नाही.
यल्लूबाईनं रात्री नाचण्याचं पीठ भिजत घातलं,
आंबू दिलं, पहाटे आधणात सोडलं,
गुठळी होऊ नये म्हणून हात थांबवला नाही.
सिस्टरनं रंग बघून नाक मुरडलं.
साखर बाजूला सारली, मीठ मागितलं,
मग ताक,
मग वाटी बोटानं पुसून घेतली
आणि म्हणाली, ब्राखन.

"बुऱ्हाण? काकतीचा टेम्पोवाला?"
"खुळ्या, ब्राखन! आईच्या चुलीजवळचा शब्द त्यो.
बाजारगावात गेलं की स्टारबोट म्हणायचं.
ब्राखन लिहू नको. त्यो घरातला हाय.
बोर्डावर बाजारातला घाल."

चहा संपला होता. ती उठली, परत बसली.
"आनि एक. सिस्टर आंबलीला कधी एकेरी बोलली न्हाई.
त्या गरम हाईत. त्यांना जरा थांबू दे.
आज त्या पातळ झाल्यात.
पयल्या दिवशी मला वाटलं कोन पावण्या आल्या,
दारापर्यंत जाऊन बघून आले.
मग कळलं, तिच्या गावात बोलतातच तसं,
मान न्हवं, सवय.
पन मी मान धरला."

ती गेल्यावर मी डबे उघडून बसलो.
स्टारबोट कुठल्या लिपीत लिहू?
कशातही लिहिलं तर कुणीतरी मापायला येणार,
कुणाचं अक्षर कुणापेक्षा किती बोटं मोठं.
मग कोपऱ्यात एक पिवळी चांदणी काढली,
खाली पाण्यातली बोट, शिडाची,
दोन लाटा माझ्याकडून.
चित्राचे पैसे लावले नाहीत.

संध्याकाळी ती आली. बघितलं. परत बघितलं.
"स्टार म्हंजे ढवळ रे," ती म्हणाली. "ढवळत ऱ्हा, नुसतं."
म्हणजे आपला घाटाच की! घाटायचं तो घाटा.
मी टर्पेंटाइनची बाटली घेतली, फडकं शोधायला लागलो.
"ऱ्हाऊ दे. वाळलाय रंग."

आता गाडा बसस्टँडाच्या वळणावर असतो.
पोरं विचारतात, बोट कशाची?
ती म्हणते, पेंटरला विचारा.
परवा मी ग्लास घेऊन उभा होतो,
बैलहोंगलचा एक ड्रायव्हर उतरला,
पातेल्याकडं हनुवटी करून म्हणाला,
"अंबली बिसी ऐतेनू?"
आता साधं 'ऐत्री' म्हणायचं, आहे म्हणायचं.
यल्लूबाई पळी न थांबवता म्हणाली,
"अदार्री." आहेत.

ड्रायव्हर अडखळला.
वाकून त्यानं गाड्यामागं बघितलं,
कोण बसलंय.